कापशी एकटीच आहे, मग ऑपरेशन कशाला?

पत्राचा सारांश: गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीने पाळलेली कापशी ही सशाची मादी आता चौदा महिन्यांची आहे, वजन दोन किलो. गेल्या चार महिन्यांत दोनदा तिने गळ्याखालचे आणि पोटाचे केस उपटून पेंढ्यात घरटं केलं. पिल्लं मात्र झाली नाहीत, कारण घरात नर नाहीच. त्या दिवसांत ती हात लावू देत नाही, गुरगुरते, एकदा मुलीला चावलीही. मुंबईच्या नणंदेने सांगितलं, "गर्भाशय काढायचं ऑपरेशन करून टाका, नाहीतर कॅन्सर होतो." तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "सशाला भूल सोसत नाही, भानगडीत पडू नका." सासूबाईंचं म्हणणं, एक वेत होऊ द्यावं म्हणजे शांत होईल, मुक्या जिवाचं आईपण हिरावणं पाप आहे. यजमान म्हणतात, पाचशेच्या सशावर हजारो रुपये कशाला? आणि ताई विचारतात: कापशी एकटीच आहे, पिल्लांचा प्रश्नच नाही, मग जिवाशी खेळ कशाला करायचा? मुलगी रोज विचारते, तिला काय सांगू?

ताई,

तुमच्या घरातलं कुणीच चुकीच्या भावनेने बोलत नाही. मात्र प्रत्येकाच्या बोलण्याखाली एकेक गृहीत आहे आणि त्यातली काही तपासून बघायला हवीत. सुरुवात तुमच्या गृहीतापासून करते: नर नाही म्हणून ऑपरेशनची गरज नाही.

कुत्रीचं ऑपरेशन बहुतेक लोक पिल्लं टाळण्यासाठी करतात, म्हणून सशाचाही हिशेब तसाच मांडला जातो. सशाच्या मादीत मात्र मुख्य कारण तिचं स्वतःचं गर्भाशय असतं. वय वाढतं तसा गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात कर्करोग होण्याचा धोका चढत जातो. तीन वर्षांपर्यंत तो कमी असतो, पुढे झपाट्याने वाढतो. काही जातींवरच्या जुन्या अभ्यासात पाच-सहा वर्षांच्या माद्यांमध्ये हे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत आढळलं होतं. नंतरच्या अभ्यासांत ते कमी दिसलं आणि जातीप्रमाणे बदलतं, म्हणून "होतोच" हे नणंदेचं वाक्य जरा जास्तीचं आहे. पण नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो, त्यामुळे कापशीच्या आयुष्याचा मोठा भाग त्या धोक्याच्या वयातच जाणार आहे. तिथे नर असण्या-नसण्याने काही फरक पडत नाही.

घरट्याचंही तसंच. सशाच्या मादीला कुत्रीसारखी ठरावीक पाळी येत नाही. नराशी संग झाला की मगच तिचं अंडं सुटतं. कधी कधी नुसतं दुसऱ्या मादीने अंगावर चढणं, अगदी पाठीवरून वारंवार हात फिरवणंही तेवढ्याला पुरतं. मग पोटात काही नसताना शरीर गर्भार असल्यासारखं वागतं. हा खोटा गर्भ साधारण सोळा-अठरा दिवस टिकतो, आणि शेवटी ती केस उपटून घरटं करते. कापशी त्या दिवसांत चावते तेव्हा ती आपलं घरटं राखत असते. मुलीला हे आजच सांगा, तिच्या मनाला लागलं असेल. घरटं लगेच मोडू नका, दोन-चार दिवसांत कापशी स्वतःच ते सोडून देते. आणि पाठीवरून हात फिरवण्याऐवजी डोकं आणि कपाळ चोळायची सवय लावा.

सासूबाईंच्या मुद्द्याकडे आदराने बघूया, कारण त्यात माया आहे. पण एक वेत झाल्याने मादी कायमची शांत होते किंवा हा कर्करोग टळतो, असं मानायला आधार नाही. गर्भ ३० ते ३२ दिवसांचा, वेताला चार ते आठ पिल्लं, आणि व्यायल्यानंतर त्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं चौथ्या महिन्यात स्वतः वयात येतात. शेजारचा नर आठवडाभर आणून ठेवला तर पावसाळा संपेपर्यंत पडवीत किती जीव असतील, याचा हिशेब सासूबाईंबरोबर बसून मांडा. "काजूच्या बागेत सोडून देऊ" असं कुणी म्हणेल. तसं करू नका. पांढरा पाळीव ससा आणि आपल्या रानातला ससा या दोन वेगळ्या जाती आहेत, त्यांचा आपसात संकर होत नाही. पाळलेल्या सशाला रानात बिळाचं ठिकाण माहीत नसतं, रंगाने तो लांबून दिसतो, आणि मुंगूस, कुत्री, घुबड यांच्या तडाख्यातून तो सहसा आठवडाही काढत नाही. (उलट रानससा घरी आणून पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, तेही पोरांना सांगून ठेवावं.)

यजमानांच्या पाचशे रुपयांबद्दल एवढंच म्हणेन की ती किंमत बाजारात पिंजऱ्यात बसलेल्या पिल्लाची होती. आज तुमच्या घरात जी आहे तिची किंमत मुलीला विचारा. तरीही खर्च हा खरा प्रश्न आहे, तो लपवू नका. तपासणी, ऑपरेशन, औषधं, प्रवास आणि एक रात्रीचा मुक्काम हे सगळं धरून आकडा फोनवर आधी विचारा आणि न झेपणारा असेल तर तसं मोकळेपणाने बोला. ऑपरेशन न करण्याचं ते एक प्रामाणिक कारण आहे.

आता गुरांच्या डॉक्टरांचं म्हणणं. त्यांनी हात झटकले असं वाटून घेऊ नका. त्यांनी तुमच्यावर उपकारच केले. "सशाला भूल सोसत नाही" हे अर्धं खरं आहे. ब्रिटनमध्ये शंभराहून जास्त दवाखान्यांच्या नोंदी घेऊन झालेली एक पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यात भूल दिलेल्या निरोगी सशांपैकी साधारण १३७ मागे एक दगावला होता. आधीच आजारी असलेल्यांमध्ये हेच प्रमाण १४ मागे एक होतं. निरोगी कुत्र्यांमध्ये मात्र हजारात एकसुद्धा नाही. म्हणजे धोका कुत्र्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, पण निरोगी तरुण सशात तो "मरतोच" इतका नाही. त्या पाहणीतली आणखी एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे: दगावलेल्या सशांपैकी निम्म्याहून जास्त ऑपरेशन झाल्यानंतर गेले, आणि त्यातले बरेच पहिल्या काही तासांत. म्हणून माझा कौल "करा" किंवा "नका करू" असा सरसकट नाही. कापशीचं वय आणि तब्येत ऑपरेशनच्या बाजूने आहे. बाकी सगळं कुणाच्या हातून, कोणत्या महिन्यात आणि नंतरचे तीन दिवस कोण जागणार यावर ठरतं.

हात कुणाचा हे ओळखायला फोनवरचे पाच-सहा प्रश्न पुरतात. पहिला: सशाच्या मादीची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का, शेवटचं कधी केलंत? सशाचं गर्भाशय कुत्रीसारखं नसतं. त्याला दोन वेगळी शिंगं आणि दोन वेगळी तोंडं असतात, भोवती चरबी दाट, रक्तवाहिन्या नाजूक. कुत्र्यांचा अनुभव इथे पुरत नाही. दुसरा प्रश्न: आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं का? "हो, बारा तास" असं उत्तर आलं तर नम्रपणे फोन ठेवा. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजरासारखं उपाशी ठेवण्याचं कारणच उरत नाही. उलट त्याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. फार तर तोंडात घास राहू नये म्हणून तासभर आधी खाणं काढतात, पाणी तर शेवटपर्यंत ठेवतात. तिसरा: भूल कशाने देता? आयसोफ्लुरेनसारखी वायूची भूल, सोबत ऑक्सिजन, आणि अंग गरम ठेवण्याची सोय हवी, कारण लहान जीव टेबलावर पटकन गार पडतो. नुसत्या इंजेक्शनवर, ऑक्सिजनशिवाय पोट उघडणार असतील तर नको. चौथा: वेदनाशामक किती दिवस देणार? "सशाला लागत नाही" हे उत्तर चालणार नाही. दुखलं की ससा खात नाही, आणि न खाणारा ससा आतड्यानेच जातो. पाचवा: घरी कधी सोडता? शुद्धीवर येऊन स्वतः काही खाल्ल्याशिवाय सोडत नाही, असं म्हणणारा दवाखाना बरा.

अँटिबायोटिकबद्दल मात्र विचारून थांबू नका, चिठ्ठी वाचा. तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन किंवा लिंकोमायसिन सशाच्या पोटातले चांगले जंतू मारून जीवघेणी हगवण लावू शकतं. घरात माणसांसाठी आणलेल्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूलमधली पावडर चिमूटभर देण्याचे उद्योग होतात, म्हणून हे ठासून सांगते. तसंच कुत्र्यांच्या गोचिडांवर मारायचा फिप्रोनिलचा स्प्रे सशावर कधीही मारू नका. ऑपरेशनआधी अंगावर गोचीड-पिसू दिसल्या तर डॉक्टरांनाच विचारा.

कुठे जायचं? गावाजवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोट उघडण्याचं हे काम मागू नका. काही छोट्या दवाखान्यांत तर पदवीधर डॉक्टर नसून पशुधन पर्यवेक्षक असू शकतात. त्यांच्याकडून वजन, दात आणि नाक तपासून घ्यायला हरकत नाही. नाकातून पांढरट स्राव, शिंका, पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटलेले, असं काही असेल तर आधी तो उपचार, मग भुलीचा विचार. ऑपरेशनसाठी तुम्हाला घाट चढून किंवा मुंबईला जावं लागेल. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कऱ्हाड आणि पुढे शिरवळ गाठता येतं, तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकाच आवारात आहेत. पुण्या-मुंबईत सशांसारख्या लहान प्राण्यांचंच काम करणारे खासगी डॉक्टरही आहेत. कुठेही जाण्याआधी वरचे प्रश्न फोनवर विचारा. मोठी संस्था आहे म्हणून सशाचा हात असेलच असं नाही. नणंद मुंबईत आहे, तर एक दिवस आधी जाऊन तिच्याकडे कापशीला स्थिरावू देणं सगळ्यात सोयीचं दिसतं. पहाटे निघा, खोक्यात तळाला जाड टॉवेल, नेहमीचं गवत, पाण्यासाठी ओली कोथिंबीर, आणि गाडीचा थंड झोत थेट अंगावर नको. ऑपरेशन झाल्या दिवशीच परतीचा प्रवास करू नका. निदान दुसरी सकाळ उजाडू द्या, लेंड्या पडलेल्या बघा, मग निघा.

महिना कोणता, याचं उत्तर कोकणात सोपं आहे: डिसेंबर किंवा जानेवारी. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात धडधाकट ससाही तीस अंशांच्या वर धापा टाकतो. पावसाळ्यात जखम सुकत नाही, माश्या बसतात आणि टाक्याजवळ किडे पडू शकतात, गवत सादळतं आणि त्याला बुरशी येते, वीज कधी जाईल सांगता येत नाही. गणपतीत किंवा शिमग्यात घर भरलेलं असतं तेव्हा तर नकोच. नेण्याच्या आधीच्या पंधरवड्यात आहारात काहीही बदलू नका. तुम्ही लिहिलंय की कापशी पेंढा, भाकरीचे तुकडे आणि गाजर खाते. भाकरी त्या पंधरवड्याच्या आधीच हळूहळू बंद करा. भाताचा पेंढा चघळायला आणि अंथरायला ठीक आहे, त्यावर पोट भरू नये. तिला हिरवं किंवा नीट वाळवलेलं गवत हवं, आणि ते दिवसभर समोर हवं. हराळी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला, जास्वंदीची पानं, थोडा शेवगा हे सगळं तुमच्या आगरातलंच आहे. अळू, कण्हेर, घाणेरी तिच्या वाटेला येऊ देऊ नका.

आणि आता ते तीन दिवस. या काळात घरातल्या एका माणसाने फक्त कापशीचं काम करायचं. शांत, सावलीची खोली, मांजर आत येणार नाही अशी. अंथरायला पेंढा नको, तो जखमेला टोचतो आणि चिकटतो. जुनी सुती साडी घडी करून घाला. अंग गार वाटलं, कान बर्फासारखे लागले, तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, तिला सरकून दूर जाता येईल एवढी जागा सोडून. उड्या मारायच्या जागा आठ-दहा दिवस काढून टाका. जखम सकाळ-संध्याकाळ बघा: थोडी लाली चालते, पण वाढती सूज, पू, उघडलेली कड किंवा चावलेला टाका दिसला की डॉक्टरांना फोन. म्हणूनच टाके कातडीखाली लपवून घालायला सांगावं. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर शक्यतो टाळा. ती घातली की ससा खात नाही आणि स्वतःच्या मऊ लेंड्या परत खाणं, जे त्याच्या पोषणाला लागतं, तेही थांबतं.

सगळ्यात मोठं काम खाण्याचं. घरी आल्यावर तिच्या आवडीचा पाला समोर ठेवा. बारा तास उलटले तरी काही खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत तर "उद्या खाईल" म्हणून थांबू नका, डॉक्टरांना फोन करा आणि त्यांनी हो म्हटलं की भरवायला सुरुवात करा. सशाच्या पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून मिक्सरमधून पातळ करा, सुई नसलेल्या सिरिंजचं टोक थोडं कापून रुंद करा. तिला टॉवेलात गुंडाळून, मान वर न करता, पुढच्या दातांच्या मागच्या मोकळ्या जागेतून बाजूने एकेक मिलिलिटर द्या आणि चावून गिळेपर्यंत थांबा. एका वेळी वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिलिटर, म्हणजे कापशीला २० ते ३०, दिवसातून चार-पाच वेळा. दोन प्रसंगी मात्र अजिबात भरवायचं नाही: ती पूर्ण शुद्धीत नसेल तर, कारण घास फुप्फुसात जातो, आणि पोट फुगून ढोलासारखं ताठ झालं असेल तर, कारण तेव्हा आत अडथळा असू शकतो आणि तासाभरात दवाखाना गाठायला हवा. दात कराकरा खाणं, कोपऱ्यात अंग आकसून बसणं, डोळे अर्धे मिटलेले, ही दुखण्याची लक्षणं. वेदनाशामकाचा डोस चुकला का ते आधी बघा. माणसांची गोळी मनाने देऊ नका.

ऑपरेशन झाल्या-झाल्या स्वभाव बदलेल अशी अपेक्षाही नको. शरीरातली संप्रेरकं ओसरायला काही आठवडे जातात. घरटी करणं थांबेल, राखणीचा राग बराचसा उतरेल. पिंजरा लहान असल्यामुळे येणारी चिडचिड मात्र ऑपरेशनने जात नाही, तिला रोज काही तास पडवीत मोकळं सोडावंच लागेल. वजनही चढतं, म्हणून नंतर पेलेट किलोमागे दिवसाला २०-२५ ग्रॅमवर आणा.

आणि योग्य हात मिळालाच नाही, किंवा खर्च झेपला नाही, तर? मग करू नका, आणि त्याचा सल घेऊन बसू नका. सशाचं पहिलंच ऑपरेशन करून बघणाऱ्या हाताखाली निरोगी कापशीला देण्यापेक्षा तिला लक्ष ठेवून सांभाळणं मी बरं मानेन. लक्ष ठेवायचं ते असं: महिन्याला एकदा वजन लिहून ठेवा. पोटाखालच्या सडांवरून बोट फिरवून गाठ किंवा सूज बघा. लघवीवर नजर ठेवा. सशाची लघवी खाण्यामुळे केशरी, कधी लालसरही होते आणि ती एकसारख्या रंगाची असते, त्याने घाबरू नका. फिकट लघवीत वेगळे लाल थेंब, गाठी किंवा शेवटी रक्त आलं तर तो गर्भाशयाचा इशारा समजून त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या. ऑपरेशन नाकारल्यानंतरही तिसऱ्या वर्षाच्या आत एकदा पुन्हा विचार करा. तोपर्यंत रत्नागिरी किंवा चिपळूणलाच कुणी सशांचा डॉक्टर येईल, काय सांगावं.

अशाच पेचात असलेल्या इतरांसाठी: घरात नर-मादीची जोडी असेल आणि पैसे एकाच ऑपरेशनपुरते असतील, तर पिल्लं थांबवायला आधी नराचं करा. ते पोट न उघडता होतं, धोका कमी असतो. मात्र सशात वृषणाची वाट पोटाकडे उघडी राहते, ती बंद करावी लागते, नाहीतर आतडं खाली उतरू शकतं, हे डॉक्टरांना ठाऊक आहे ना, ते विचारा. त्यानंतरही चार ते सहा आठवडे नराला वेगळं ठेवा, तेवढे दिवस त्याच्याकडून पिल्लं होऊ शकतात. मादीच्या गर्भाशयाचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. आणि बाजारातून "दोन्ही माद्याच आहेत" म्हणून आणलेली जोडी तीन-चार महिन्यांची होताच डॉक्टरांकडून तपासून घ्या, विकणाऱ्याची चूक फार वेळा होते.

मुलीला काय सांगायचं, हे तुम्ही शेवटी विचारलं आहे. तिला खरं सांगा: दोन्ही वाटांना धोका आहे, आई-बाबा त्यातली कमी धोक्याची शोधताहेत, आणि तिचं काम आजपासून सुरू होतंय. एक वही करा. रोज सकाळी पिंजऱ्यातल्या लेंड्या किती आणि केवढ्या, किती गवत संपलं, दर रविवारी वजन किती, एवढं तिने लिहायचं. ऑपरेशन ठरलं तर दवाखान्यात जाताना ती वही बरोबर न्या. कापशीचं रोजचं किती हे माहीत असलं तरच तिसऱ्या दिवशी लेंड्या कमी आहेत की नेहमीएवढ्या, हे तुम्हाला आणि डॉक्टरांना सांगता येईल.